गप्प बसले आणि पंच झाले

चहा गरम आहे तोवर सांगून टाकते. गार चहाबरोबर स्वतःची फजिती सांगायला मला अजिबात आवडत नाही. आणि हो, मध्ये कुणी बोलायचं नाही. तशी मी कुणाला बोलू देत नाहीच, ते तुम्ही आल्यापासून बघताय. पण उभ्या आयुष्यात एकदा, फक्त एकदा, मी तोंड बंद ठेवलं आणि थेट पोलिसांच्या गाडीत जाऊन बसले!

खोटं वाटतंय? ऐका तर.

मुलगी लग्न होऊन गेली, मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात माझ्याशी बोलायला उरले फक्त आमचे हे. ते ऐकतात हो, पण पेपरच्या मागून. मग मी ठाण्यातल्या एका संस्थेत शनिवार-रविवारचा कोर्स लावला. नाव ऐका हं: 'गुन्हेगारी न्यायव्यवस्थेच्या अभ्यासासाठी गुणात्मक संशोधन पद्धती'. हे एका दमात म्हणता यावं म्हणून मी भांडी लावता लावता सराव करायचे. सोप्या भाषेत सांगायचं तर पोलीस, कोर्ट, तुरुंग यांच्याशी ज्यांचा संबंध आला त्या माणसांना भेटायचं आणि त्यांचे अनुभव समजून घ्यायचे. आकडेमोड नाही, टक्केवारी नाही, नुसत्या गप्पा! म्हटलं, हा कोर्स काढणाऱ्याने मला कुठेतरी बघितलेलं दिसतंय.

तिथेच चुकले. कारण या शास्त्रात बोलायचं असतं ते समोरच्याने.

आमच्या ऋता मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. हुशार, गोड, पण कामाच्या बाबतीत कडक. त्यांनी पहिल्याच महिन्यात सरावाची मुलाखत घ्यायला लावली. माझ्या वाट्याला आला कल्याणचा तेजस, वर्गातला सगळ्यात लहान मुलगा. त्याची बाइक चोरीला गेलेली, तो तक्रार द्यायला गेला तेव्हा काय झालं ते मी त्याला विचारायचं. मुलाखत छान रंगली. मग मॅडमनी वर्गात रेकॉर्डिंग लावलं. त्यात माझ्या मावसभावाची स्कूटर होती, आमच्या बिल्डिंगमधली गॅस सिलिंडरची चोरी होती, माझ्या सासूबाईंच्या पाटल्या होत्या. तेजसची बाइक कुठेच नव्हती. तो बिचारा अधूनमधून म्हणत होता, "काकू, पण माझं..."

मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही मुलाखत घेत नाही. तुम्ही मुलाखत देता."

वर्ग हसला. मीही हसले, पण आतून चरफडले.

मग आलं खरं काम. वर्गाने मिळून एक अहवाल करायचा, विषय 'पंच'. आता पंच म्हणजे क्रिकेटचे नव्हेत. पोलिसांनी कुठे झडती घेतली, काही जप्त केलं, की बाहेरची दोन माणसं साक्षीला उभी करतात. त्यांच्यासमोर सगळं लिहितात, तो पंचनामा. पुढे केस उभी राहिली की त्या पंचांनी कोर्टात जाऊन सांगायचं की हो, आमच्यासमोर झालं. म्हणून पोलीस पंच शोधायला निघाले की अख्ख्या गल्लीला अचानक कामं आठवतात. या पंचांचे अनुभव आम्ही गोळा करायचे. प्रत्येकाची एक मुलाखत. जी मुलाखत मॅडमना पसंत पडेल, ती घेणाऱ्याचं नाव अहवालाच्या मुखपृष्ठावर, संशोधक म्हणून, छापून!

छापून म्हटल्यावर माझा तोल गेला. घरी पोचायच्या आधीच मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "लवकरच माझं नाव एका संशोधनावर झळकणार." दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीवहिनींनी विचारलं, "पुस्तक का?" मी म्हटलं, "तसंच." झालं! आता परतीचा रस्ता बंद. नाव आलं नाही तर लिफ्टने जायची सोय उरणार नव्हती.

मॅडमनी मला बाजूला घेऊन बजावलं, "काकू, रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज जास्त आला तर मुलाखत बाद. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प. मान हलवायची. फार तर 'हं' म्हणायचं. शांततेला घाबरायचं नाही. लोक नेतील तिथे जायचं, जे घडेल ते बघायचं, ढवळाढवळ करायची नाही. आणि लेखी संमतीशिवाय काहीही नाही. लक्षात राहील?"

मी म्हटलं, "हो मॅडम, आमच्या बँकेत पण असंच होतं, एकदा काय झालं..."

"काकू."

"हं," मी म्हटलं.

घरी मी ह्यांच्यावर सराव केला. संध्याकाळी विचारलं, "भाजी काय करू?" आणि गप्प. त्यांनी पेपर खाली घेतला. मी मान हलवली. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मी म्हटलं, "हं." पुढच्या क्षणाला ते आत जाऊन मुलीला फोन करत होते, "अगं, आई बोलत नाहीये! डॉक्टरांकडे नेऊ का?"

म्हणजे तंत्र जमत होतं!

तर मॅडमनी ठरवून दिलेल्या हिराबाईंकडे मी माजिवड्याला पोचले. हिराबाई गावठाणातल्या, घर तिथल्याच पिढ्यान्‌पिढ्यांच्या लोकांचं, आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी त्यांचं अंगण शाबूत. साठीच्या असतील, पण काय तेज! एका पंचनाम्याला त्या पंच होऊन आल्या होत्या. मी संमतीपत्र वाचून दाखवलं, त्यांनी सही केली, मी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो खाटेवर ठेवला. पाठ केलेला प्रश्न विचारला, "पंच म्हणून तुमचा अनुभव सांगा." आणि ओठ मिटले.

"काय सांगू ताय! गल्लीत सगली दारा बंद आनि माझाच दार उघडा. मी मासली साफ करत होती. मना बोलले, मावशी चला, दोन मिनिटांचा काम हाय. दोन मिनिटा कसली! कोर्टान उभी केली मना!"

"हं."

"आनि एकदा गेली ना, की मंग वलख राहते. परत परत माझ्याच दारान येतात. सांगते ताय, 'दोन मिनिटांचा काम' कोन बोलला की पलायचा!"

"हं," मी मान हलवली. हे वाक्य लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवलं.

माझ्या घशात नुसती गर्दी झाली होती. विचारावंसं वाटत होतं, मासळी कुठली होती? कोर्टात साडी कुठली नेसलात? पण नाही. हिराबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि आवाज हळू केला.

"ताय, तुमचा आज मौन हाय का? उपासाचा? कामापुरताच बोलायचा?"

आता यावर काय करायचं? खुलासा करायचा तर बोलावं लागणार. मी मान हलवली.

"आगं माझे बाय!" त्यांनी हात जोडले.

एवढ्यात अंगणात पोलिसांची गाडी थांबली आणि हवालदार जाधव उतरले. "हिराबाई, चला. ते सिंहासन सापडलं."

सिंहासन म्हणजे लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीला बसवतात ना, ते सोनेरी, सिंहाच्या हातांचं. गावातल्या मांडववाल्याचं सिंहासन हळदीच्या गडबडीत कुणीतरी उचलून नेलेलं आणि अख्खं माजिवडा त्यावरच बोलत होतं. ते वागळे इस्टेटमध्ये एका बंद कारखान्याच्या मागे सापडलं होतं.

हिराबाईंनी तत्काळ गुडघा धरला. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी याच गुडघ्यावर बसून पाण्याचा भरलेला हंडा उचलला होता, मी स्वतः बघितलेलं.

"साहेब, माझा पाय नाय हो चालत. या ताय हायेत ना! शिकलेल्या हायेत. मौन हाय त्यांचा, पन समजतं सगला."

जाधवांनी मला आपादमस्तक बघितलं. कॉटनची साडी, मनगटावर घड्याळ, तोंड बंद. खूश झाले. "मॅडम, येता का? इथे जवळच. दोन मिनिटांचं काम आहे."

आणि मी मान हलवली!

अहो, माझ्या डोक्यात मॅडम बोलत होत्या, नेतील तिथे जायचं, घडेल ते बघायचं. मला वाटलं, हिराबाईंनी त्यांना सांगितलं की या संशोधन करतायत, यांना पंचनामा बघू द्या. वर्गात कुणाला जिवंत पंचनामा बघायला मिळाला होता? कुणालाच नाही! मी अशी काही लगबगीने उठले की पर्स, पर्समधला चष्मा आणि चालू फोन, सगळं हिराबाईंच्या खाटेवर राहिलं.

वागळे इस्टेटच्या त्या गल्लीत सिंहासन भिंतीला टेकून उभं होतं. ऊन पडून असं झगमगत होतं की बघतच राहावं. आणि त्यावर कोण बसलेलं? एक कुत्री, पिल्लांना घेऊन, एकदम ऐसपैस. मांडववाला हात जोडून तिला विनवत होता. समोरच्या वर्कशॉपमधून एका वेल्डरला पकडून आणलेलं, तो नाराज चेहऱ्याने माझ्या शेजारी उभा राहिला.

जाधव लिहू लागले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. "सदर सिंहासन लाकडी असून त्यास सोनेरी रंग दिलेला आहे. हातांच्या जागी दोन सिंह असून डाव्या सिंहास खालचा जबडा नाही. सदर सिंहासनावर एक कुत्री पिल्लांसह मिळून आली."

वेल्डर म्हणाला, "साहेब, कुत्रीला पण जप्त करायचं का?"

"गप रे. बैठकीस लाल रंगाचं कापड..."

लाल? लाल?! अहो, तो राणी कलर होता! आणि कापड कसलं, चांगली मखमल होती! उभं आयुष्य साड्यांच्या दुकानात घातलंय मी, मला राणी आणि लाल कळत नाही? जीभ टाळूला जाऊन धडकत होती. पण ढवळाढवळ करायची नाही. मी पदराचं टोक तोंडात धरलं आणि उभी राहिले. जाधवांना वाटलं, कुत्रीचा वास येतोय.

मग त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. हल्ली सगळ्याचा व्हिडिओ काढावा लागतो त्यांना. "मॅडम, तुम्ही स्वखुशीने हजर आहात ना?"

मला काय भरून आलं म्हणून सांगू! आम्ही वर्गात संमती संमती करतो, आणि इथे पोलीसखातं नुसतं बघायला आलेल्या बाईची संमती विचारतंय! मी जोरात मान हलवली.

"तोंडाने सांगा. व्हिडिओ आहे."

"हं."

"आणि हे सगळं तुमच्यासमोर झालं?"

"हं."

"वा," जाधव वेल्डरला म्हणाले, "असं पाहिजे. नायतर लोक किती बोलतात."

नाव-पत्ता त्यांनी विचारला, तो मी कागदावर लिहून दिला. मग त्यांनी सहीसाठी कागद पुढे केले. चष्मा नव्हता, अक्षरं नुसती मुंग्यांसारखी दिसत होती. पण मला वाचायची गरजच काय? संमतीपत्र! मी बँकेतली ती झोकदार सही, खाली दोन रेघा मारून, प्रत्येक पानावर ठोकली. इतक्या वर्षांत दुसऱ्यांना "वाचून मग सही करा" सांगणारी मी!

जाधवांनी मला गाडीतून परत माजिवड्याला सोडलं. हिराबाईंच्या अंगणात उतरताना म्हणाले, "थँक्यू मॅडम. कोर्टाचं समन्स आलं की यायचं हां. चुकवायचं नाही."

"हं," मी म्हटलं. चार पावलं चालले आणि थांबले.

"समन्स? कुणाला?"

जाधव दचकले. "तुम्हाला. पंच ना तुम्ही!"

आणि मग माझं धरण फुटलं! "मी कसली पंच? मी पंचांवर संशोधन करते! मी हिराबाईंची मुलाखत घ्यायला आलेय, मी गप्प होते कारण आमच्या मॅडम म्हणाल्या, मौनबिन काही नाही माझं, माझ्या घरी विचारा, मी झोपेत पण बोलते, आणि ती सही म्हणजे मला वाटलं..." मला श्वास घ्यायला थांबावं लागलं, तेवढ्यात जाधव म्हणाले, "मॅडम, पंचनामा झाला. सह्या झाल्या. व्हिडिओ पण झाला."

"मग निदान तो रंग तरी दुरुस्त करा! लाल नाही हो, राणी आहे!"

जाधवांनी गाडी अशी काही पिटाळली, जणू मीच त्यांना पंच करायला निघाले होते. हिराबाई दारात उभ्या होत्या, दोन्ही गुडघ्यांवर ठणठणीत. माझी पर्स आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ताय, मौन सुटला का? चाय टाकू?"

म्हटलं असू दे. कोर्टाचं कोर्टात बघू, मुलाखत तर हातात आहे. माझा आवाज जवळजवळ नाहीच! शनिवारी मी विजयी मुद्रेने वर्गात रेकॉर्डिंग लावलं. माझा एक प्रश्न. मग हिराबाई. मग "हं". परत हिराबाई. परत "हं". मॅडमच्या चेहऱ्यावर असा काही आनंद, की मला वाटलं आता उठून मिठी मारतात.

मग गाडी गेल्याचा आवाज आला. आणि त्यानंतर, चालूच राहिलेल्या माझ्या फोनवर, हिराबाई शेजारणीला सांगताना ऐकू आल्या, "गेली गो बाय! मना तर पावली! पन बिचारीचा वाईट वाटतं. एक शबुद बोलत नाय. घरान नवरा बोलू देत नसंल."

वर्ग आडवा झाला. तेजस बाकाखाली गेला. मॅडम डोळे पुसत होत्या. आमच्या ह्यांना हे मी रात्री सांगितलं तर त्यांनी पेपर खाली ठेवून नीट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्या बाईंना एकदा घरी जेवायला बोलव."

पण रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. हिराबाई पुढे शेजारणीला शिकवत होत्या, पंच व्हायचं कसं चुकवायचं. गुडघा कधी धरायचा, तव्यावर भाकरी आहे कधी सांगायचं, आणि पाहुणी आली असेल तर तिला कशी पुढे करायची. मॅडम ताठ बसल्या. "काकू, हे सोनं आहे! लोक का टाळतात, कसं टाळतात, सगळं यात आहे!"

मी फुलले. मुखपृष्ठ मला दिसायलाच लागलं.

"पण हे पुसायचं," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"त्यांनी मुलाखतीला संमती दिली होती. तुम्ही गेल्यावर फोन चालू आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. ते बोलणं आपलं नाही. आणि आधीचा भाग अर्धवट आहे. म्हणजे मुलाखत बाद."

जोशीवहिनी डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मग मी आता काय करू?"

मॅडम काही बोलल्या नाहीत. नुसती मान हलवली. वर्ग शांत. आता तुम्हाला सांगते, समोर शांतता असली की मला राहवतच नाही. मी सिंहासनापासून सुरुवात केली. तेजस माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या पंचाने ऐनवेळी नकार दिला होता, त्याच्याकडे मुलाखतच नव्हती. त्याने फोन काढला, एक कागद पुढे सरकवला. "काकू, संमती आहे ना?"

आणि मी बोलता बोलता, न वाचता, खाली दोन रेघा मारून, सही केली.

हो! परत!

तो म्हणाला, "पंच म्हणून तुमचा अनुभव सांगा." आणि ओठ मिटले. मी कुत्रीवर आले, मखमलीवर आले, मावसभावाची स्कूटर झाली, सासूबाईंच्या पाटल्या झाल्या. तेजस फक्त "हं" म्हणत होता. वर्ग सुटला, पुढच्या बॅचची मुलं दारात येऊन उभी राहिली, तरी तो "हं" म्हणत होता.

ती मुलाखत मॅडमना इतकी पसंत पडली की काही विचारू नका. "तेजसचा संयम बघा," त्या सगळ्यांना सांगत होत्या. संयम? माझ्यासमोर गप्प बसायला संयम लागतो? दुसरा मार्ग असतो का कुणाला? आमचे हे लग्न झाल्यापासून तेच करतायत, त्यांचं नाव कुठल्या मुखपृष्ठावर आलंय?

अहवाल छापून आला. वर तेजसचं नाव, ठळक अक्षरात. आणि आत सगळ्यात लांब मुलाखत माझी! पण वर काय लिहिलेलं? 'सहभागी क्रमांक तीन. ओळख गुप्त ठेवली आहे.' नाव गाळलेलं, डोंबिवली गाळलेली, बँक गाळलेली. मॅडमची नीती, काय बोलणार?

मनात म्हटलं, ठीक आहे, निदान फजिती तरी झाकली. जोशीवहिनींनी अहवाल मागितला तेव्हा मी शांतपणे काढून दिला. म्हटलं, "माझं नाव तांत्रिक कारणाने राहिलं. पण त्यात त्या सिंहासनवाल्या बाईची मुलाखत आहे ना, ती जरूर वाचा. कोण वेंधळी बाई आहे कुणास ठाऊक!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये भेटल्या. अहवाल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सहभागी क्रमांक तीन म्हणजे तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "छे! कशावरून? नाव नाही, गाव नाही..."

"अहो, दीड पान वाचलं," जोशीवहिनी म्हणाल्या, "पूर्णविराम कुठे आलाच नाही."

लिफ्ट तळमजल्यावर थांबली. मी मान हलवली आणि म्हटलं, "हं."